हरणाऱ्या पैलवानांचं कपाट

दादाच्या कपाटात एकही जिंकणारा पैलवान नव्हता. टीव्हीवर परदेशातल्या ज्या कुस्त्या लागतात, त्यातल्या पैलवानांच्या वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या फिगर तो जमवायचा, पण नावाजलेल्यांच्या वाटेला कधी गेला नाही. दुकानात ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पाकीट ऊन लागून पिवळं पडलं तरी जे तिथेच लटकत राहतात, ते आमच्या घरी यायचे. टीव्हीवर त्यांचं काम एकच, समोरच्याचा नीट मार खायचा. मी हसले की दादा म्हणायचा, "अगं, याला पडता येतं म्हणून तो दुसरा मोठा दिसतो. पोस्टर मात्र त्या दुसऱ्याचं लागतं."

आणि हे सगळं चालायचं कसबा पेठेतल्या एका खऱ्या पैलवानाच्या घरात. बाबांची उमेदीची सगळी वर्षं तालमीत गेली. आधी स्वतः खेळले, गुडघा गेल्यावर पोरांना शिकवायला लागले. निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती त्यांच्या लेखी कुस्तीच नव्हती. कपाटासमोरून जाताना ते विचारायचे, "जिंकणारे संपले होते का दुकानात?" दादा म्हणायचा, "ते सगळ्यांकडे असतात." कपाटावरून दोघांचं बोलणं व्हायचं ते एवढंच, आणि वर्षानुवर्षं तेच.

दादाला लहानपणापासून दमा. बाबांनी त्याला एकदाच तालमीत नेलं होतं. कुस्तीच्या हौद्यातली माती उकरताना धुरळा उडाला आणि त्याला अशी धाप लागली, की बाबा त्याला खांद्यावर टाकून पळत घरी आले. पुन्हा कधी त्याला नेलं नाही. तालमीतून आल्यावर अंघोळ होईपर्यंत त्याला जवळसुद्धा येऊ द्यायचे नाहीत, आणि अंघोळ झाली की पेपर घेऊन बसायचे. बाबांना वाटायचं, आपण पोराला जपतोय. दादाला वाटायचं, आपण बाबांच्या पसंतीला उतरलो नाही. दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नाही, मला मात्र वेगवेगळं सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात दादा त्याच दम्याने गेला. लग्न केलं नव्हतं, आई तर आम्ही शाळेत असतानाच गेलेली. घरात बाबा उरले आणि ते कपाट. मी कोथरूडला राहते, शनिवारी इकडे येते. बाबांच्या गोळ्या बघते, आठवड्याची भाजी निवडून ठेवते, आणि निघताना कपाट उघडून कोरड्या ब्रशने एकेका फिगरवरची धूळ झटकते, दादा झटकायचा तशी. रंग जाईल म्हणून तो त्यांना ओलं फडकंही लावू द्यायचा नाही. ते रंगवलेले बारीक डोळे, त्या भुवया, अंगठा तुटलेल्या एकाच्या कपाळावरची जखमेची लाल रेघ, दादाचं म्हणून माझ्याकडे एवढंच होतं. मला ते जसंच्या तसं हवं होतं.

एका शनिवारी आले तर बाबा जमिनीवर पेपर पसरून बसलेले. शेजारी तिळाच्या तेलाची वाटी, तालमीतून आणलेली ओंजळभर तांबडी माती, आणि मांडीवर एक पैलवान. अंगठ्याने त्याची पाठ रगडणं चाललं होतं. आधी तेल, मग माती, मग पुन्हा रगडणं, तालमीतल्या पोरांना करायचे अगदी तसंच. बाकीचे सगळे ओळीने पेपरवर पडले होते. मातीने त्यांचे रंग खरवडून निघाले होते. डोळे गेले होते, भुवया गेल्या होत्या.

"बाबा, अहो काय केलंत हे?"

मी तेलाची वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन आपटली. दादा दुसऱ्यांदा गेला असं वाटलं मला, आणि या वेळी बाबांच्या हातून.

"अंगं सुकली होती त्यांची," बाबा बाहेरून म्हणाले.

मी दारात येऊन उभी राहिले. बाबांनी वर पाहिलं नाही.

"पेठेतल्या सगळ्या पोरांना मालिश केली मी. त्याला कधी केली नाही. माझे हात मातीचे." मांडीवरच्या पैलवानाच्या खांद्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "यांना माती चालते."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. रडू आवरेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्याचा लाडका कोणता यातला?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. चेहऱ्यावरून आता कोणीच ओळखू येत नव्हतं. अंगठा तुटलेला एक सापडला, तो मी पुढे केला. कपाळावरची लाल रेघ पुसून गेली होती.

"हा कोणाकडून हरला?"

"सगळ्यांकडून."

बाबांनी त्याला हातात घेतलं. "जिंकून आलेल्याला खांद्यावर घ्यायला माणसं असतात गं. हरून आलेल्याची मालिश आमच्याकडे वस्ताद स्वतः करायचा. मीही केली, शेवटपर्यंत. रीतच होती ती तालमीची." मग म्हणाले, "हे त्याला सांगायचं राहिलं."

त्यांनी त्या पैलवानाला मांडीवर पालथं घातलं, आणि नजर न उचलता उजवा हात वाटीसाठी बाजूला नेला. तिथे पेपरवर तेलाचा गोल डाग होता. बोटं त्या डागावर चाचपडत राहिली.

मी उठले, ओट्यावरची वाटी आणली आणि त्यांच्या हाताशी ठेवली.