न पाहिलेल्या सासूचा चेहरा

भूत, करणी, अंगात येणं... सगळ्याला मी थोतांड म्हणत आलो, आजही म्हणतो. चौथी शिकलेला माणूस, बोईसरच्या कंपनीत हेल्परकी करून म्हातारा झालो. लिहायची हौस नाही. पण मुलगा म्हणतो बाबांना भास होतात, म्हणून लिहितोय.

आम्ही चिंचणीचे. बायको यमुना गेल्या पावसाळ्यात गेली. ती दीड वर्षाची असताना तिची आई वारली होती. फोटो एकही नाही. आईचा चेहरा आठवत नाही, हे तिचं जन्माचं दुखणं. बेटेगावची तिची मोठी बहीण, लक्ष्मीआक्का, आली की हिचं सुरू, "नाक कसं होतं गो आयचं?" आक्काचं उत्तर एकच, "तुज्यासारखीच होती, देखनी."

या उन्हाळ्यात आक्का मसाल्याच्या मदतीला आली. भर दुपारी आम्ही ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होतो. मुलगा सुरेश शेजारी मोबाईल बघत.

"भावोजी, देठं काढताय का मिरच्यांचा जीव घेताय?" आक्का म्हणाली.

हसताना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं... आणि आठवलं. दिसलं नाही, आठवलं — काल काय जेवलो ते आठवतं तसं. मी जमिनीवर बसलोय, एवढासा. मुठीत हिरव्या लुगड्याचा काठ. एक बाई वळली, हसली, म्हणाली, "उठली गो माजी चिमनी?" तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा डाग.

माझी आई अशी नव्हती. तिचा चेहरा मला पक्का ठाऊक आहे. आणि मला चिमणी कोण म्हणणार?

आक्काला सांगितलं. डाग दाखवायला ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"चूल फुंकताना निखारा उडलेला," आक्का हळूच म्हणाली. "आमची आय हाय ती. तुमाला कोनी सांगितलं?"

"आईनेच सांगितलं असेल, मावशी," सुरेश म्हणाला. "बाबा विसरले. ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटतं माणसाला."

"तुज्या आयला म्हाईतच नव्हतं रे! गावात लोक चिडवायचे आमच्या आयला, जळक्या ओठाची म्हनून. तो डाग मी कोनाला बोलले नाय. बहिनीला पन नाय."

सुरेशने मला बोईसरला डॉक्टरकडे नेलंच. "आजोबा, दुःखात मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरतो," डॉक्टर म्हणाला. म्हटलं, भरू दे की! पण नेमका तोच डाग, तोही त्याच बाजूला? त्याने झोपेची गोळी लिहून दिली.

दीड वर्षाच्या पोरीने पाहिलेलं तिच्या डोक्यात कुठेतरी पडून होतं म्हणता, तर तिला ते जन्मभर का सापडलं नाही? आणि माझ्याकडे कसं आलं? मला कळलेलं नाही. डॉक्टरलाही नाही, तो कबूल करत नाही एवढंच.

माझा राग वेगळाच आहे. यायचंच होतं तर ती असताना यायचं होतं. अंथरुणाला खिळली होती तेव्हा उशाशी बसून सांगितलं असतं — डाग होता, हसायची, तुला चिमणी म्हणायची.

भास म्हणायचं तर म्हणा. हा चेहरा तिच्या आईचा आहे, आणि मी तो सोडणार नाही.