जाड पाकीट

समोरच्या मुलीने आज पोस्टमनकडून जाड पाकीट घेतलं आणि जिन्यातच फोडलं. मला ते कधी जमलं नाही. प्रकाशकाकडून जाड पाकीट आलं म्हणजे हस्तलिखित साभार परत, हे ठरलेलं. मी ते न उघडताच माळ्यावर टाकत असे.

"अहो, उघडून तरी बघा," सुमन म्हणायची. माझ्या नावाचं टपाल ती स्वतः कधी उघडत नसे.

"वजनावरून कळतं," मी म्हणायचो.

ती गेल्यावर माळा आवरताना एक पाकीट उघडलं. तिच्या अक्षरात उतरवलेल्या पानांवर प्रकाशकाचं पत्र होतं: दोन प्रकरणं आटोपशीर करून पाठवा, पुस्तक काढू. पत्र सुमन असतानाचं होतं.

मुलगी अजून जिन्यातच उभी राहून वाचते आहे.