अधांतरी

"दाजींनी माझ्या आक्काला अधांतरी मरू दिलं. खाटेवरून खाली घेतलं न्हाई, म्हणून कावळा शिवून नाही राह्यला." दहाव्याला माझी मेहुणी सर्वांसमक्ष हे बोलली, आणि कुंभार पिंपळगावपासून जालन्यापर्यंतच्या सोयऱ्यांत आता हीच हकीकत चालते. मला ती मान्य नाही.

प्रथम शब्दाविषयी. जिनिंगच्या आवारात कापसाचा पुंजका हवेत तरंगतो, उन्हात घार तरंगते. त्यांना आमच्याकडे कोणी अधांतरी म्हणत नाही. तरंगणाऱ्याला वारा धरून असतो. ज्याला वरून कोणी धरलेले नाही आणि खालून भुईचा आधार नाही, ते अधांतरी. म्हणूनच शेवटची घटका आली की माणसाला खाटेवरून सारवलेल्या भुईवर घेतात. ही रीत मला कोणी शिकवू नये. माझ्या आईवडिलांना मी स्वतःच्या हातांनी खाली घेतले आहे.

पत्नीचे खुब्याचे हाड पोळ्याच्या सुमारास मोडले. त्यानंतर तिने जमिनीवर पाऊल ठेवले नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी अखेर घरी न्यायला सांगितले. मुलाने घरभर फरशी घातली होती. तिची खाट होती ती मागची खोली मात्र तिच्या हट्टामुळे मातीचीच राहिली होती, आणि पत्नी गेली त्या सकाळी सुनेने ती नुकतीच सारवली होती. धाप वाढली तेव्हा शेजारी जमले. "तात्या, खाली घ्या, जल्दी करा." त्यांनी हात लावताच ती कळवळली. मी सगळ्यांना बाहेर काढून कडी लावली. याला मेहुणी माझा ताठा म्हणते. खुशाल म्हणो.

"मला खाली घेऊ नका," पत्नी म्हणाली. "पाय तेवढे भुईला टेकवा."

"बसवंल का तुला?"

"जल्मभर उभं ठेवलंत. आता घडीभर बसवा की."

मी तिच्या पाठीशी बसलो, तिला छातीशी धरले आणि पाय हळूहळू खाली सोडले. ती कण्हली, पण थांबा म्हणाली नाही. तशीच गेली. मग मी तिचे पाय खाटेवर घेतले, चादर सारखी केली आणि कडी काढली. लोकांनी पाहिले ते त्यानंतरचे. मेहुणी तर दुपारी पोहोचली.

हा वाद जिंकून मला काही मिळायचे नाही, हे मी जाणतो. माझे म्हणणे तोंडावर खोडून काढणारे या घरात एकच माणूस होते. आता सकाळी उठून मी पाय भुईला टेकवतो आणि पुढे कशासाठी उभे राहावे, ते सुचत नाही. तरीही खोटे ते खोटेच. त्या दुपारी शेवटची आंघोळ घालताना याच मेहुणीने माझ्या सुनेला विचारले होते, आणि मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकले होते: "आक्काच्या तळपायांना हे सारवणाचं शेण कुठून लागलं गं?"