सुग्रीवच्या टाकीतला धूर

लिंबागणेशकडच्या चारा छावणीत एकेकाळी कुजबूज होती, की सुग्रीव डॉक्टरानं टाकीत मुडदा कोंबून ठेवलाय आणि त्याला जिता करायचं त्याचं गुपचूप चाललंय.

डॉक्टर कसला! दूध संघाचा, वळूशिवाय गायी गाभण करणारा साधा माणूस. पण हाताशी ती रुपेरी टाकी. झाकण काढलं की पांढरा धूर भसकन बाहेर. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात गुरं छावणीत, माणसंही तिथंच. लोकांचा जीव रमावा म्हणून संघानं सिनेमा मागवला. मागवला देवाचा, रिळांची पेटी आली विलायती. त्यात एक पिसाट शास्त्रज्ञ. मेलेल्यांचे हातपाय शिवतो, काचेच्या भांड्यांतून धूर काढतो, वीज पाडून मुडदा उठवतो. छावणीतल्या बंकटला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणूनच तो छातीठोक अर्थ सांगत होता. पडद्यावर धूर निघाला तसा ओरडला, "आबाबा! ही तर आपल्या सुग्रीवची टाकी!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून माजावर आलेली गाय कुणी सुग्रीवकडं आणीना. महिनाभर असंच चाललं असतं तर संघाचं हे गायी भरवायचं सेंटर धारूरला हललं असतं आणि सुग्रीव घरी बसला असता. समजावून समजावून बिचाऱ्याची जीभ वाळली.

तिसऱ्या आठवड्यात कडूबाई गाय ओढत आली. शेरडामेंढरांत केस पांढरे झालेली बाई. मागं सगळी छावणी, पण चार हात लांब.

"उघड टाकी," ती म्हणाली.

सुग्रीवनं उघडली. धूर निघाला. सगळ्यात आधी बंकट पळाला. कडूबाई जागची हलली नाही.

"खरं सांग रं, सिनेमातला त्यो मुडदा उठला कसा?"

सुग्रीव रडकुंडीला आला. "मावशे, मला काय ठाव? मी बघितलंच न्हाई. वीज कडाडली तवाच घोंगडीत शिरलतो. सिनेमा सुटल्यावर बायकोनं हाताला धरून नेलं."

कडूबाई अशी हसली की गायीनं कान टवकारले. "आरं, ह्यो काय मुडदा उठवतोय! उठलाच तर मुडद्याच्या आधी ह्योच पळंल. घे माझी गाय खोड्यात!"

मग हळूहळू रांग लागली. शेवटी बंकट, मान खाली घालून. सेंटर जागेवर राहिलं. पुढच्या साली कडूबाईच्या गायीला कालवड झाली, तेव्हा कालवडीच्या अंगावर कुठं टाके घातलेत का हे बघायला बंकट वाकला आणि गायीची लाथ खाऊन आला.

टाकीत वळूचं वीर्य असायचं. ते टिकावं म्हणून अतिथंड द्रव नायट्रोजन भरलेला असे. धूर त्याचा होता.