भाटकारांच्या टीव्हीतला लोभी शेठ

काजू भाजल्याचा वास आला की मी मनानं कोरगावच्या भाटकारांच्या ओसरीवर जाऊन बसतो. गावात टीव्ही फक्त त्या जमीनदाराकडेच होता. कार्टूनमधला ढेरपोट्या शेठ सोन्याच्या हंड्यासकट विहिरीत पडला, तेव्हा भाटकार आम्हा पोरांना म्हणाले, "बघा रे, लोभ वायट!"

त्यांच्या बागेतले काजूचे बोंडू आम्ही खावेत, बी मात्र त्यांच्यासाठी झाडाखाली ठेवावी, असा रिवाज होता. मी उभा राहून म्हणालो, "मगे बियो आमकां दियात, भाटकारांनू!"

टीव्ही खटकन बंद झाला.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा ओसरीवर हजर झालो, त्यांच्याच बागेतल्या बिया भाजून, खिशात भरून. आज माझी लेक बघते त्या कार्टूनमधला शेठ शेवटी सुधारतो. आमचे भाटकार काही सुधारले नाहीत. आम्हीही नाही!