पोरीचा वेगळा केसपेपर

चहा घ्या आधी, मग सांगते. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडून साधी सर्दीची गोळीसुद्धा घेणार नाही!

मी तेव्हा दौंडला एका दवाखान्यात इंटर्न होते. इंटर्न म्हणजे काय, माहितीय ना? पेशंटच्या लेखी डॉक्टर, डॉक्टरांच्या लेखी हमाल. सुया टोचा, सलाइन लावा, रिपोर्ट आणायला पळा आणि वर 'तुम्हा आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' हेही ऐकून घ्या.

त्या आठवड्यात छत्तीस-छत्तीस तासांच्या दोन ड्यूट्या लागोपाठ झाल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी मी जिन्यात बसले, निमोण्याला घरी फोन लावला आणि आप्पांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, चक्क भोकाड पसरलं. "मला नाही जमत हे. मला न्यायला या."

आप्पा एवढंच म्हणाले, "येतो उद्या."

गुरुवारी सकाळी ओपीडीत बसले. रांग पार फाटकापर्यंत. आता आमची पद्धत ऐका. पेशंट आला की मान वर करायची नाही. मान वर केली की तो बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की रांग वाढते. तेव्हा डोळे कागदावर, हात चालू. सहा महिन्यांत मी यात इतकी पटाईत झाले होते की काय सांगू!

अकराच्या सुमाराला एक केसपेपर पुढ्यात आला.

"काय होतंय?"

"मला काय बी न्हाई. पोरीला न्यायला आलोय."

"पोरीचा वेगळा केसपेपर काढा. तुम्हाला काय होतंय ते सांगा."

"कालपास्नं झोप न्हाई. जेवान ग्वाड लागंना."

"वय?"

"पंचावन."

"बीपी, शुगर, ईसीजी करून घ्या. टेन्शन घेऊ नका, काका. नेक्स्ट!"

हसताय? हसा. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर माझ्या नावापुढे जे नाव छापलंय, तेच त्या केसपेपरवर होतं. मी ते वाचलंच नाही, आणि उपरण्याआडून आलेला आवाजही ओळखला नाही. 'काका' म्हणाले हो मी! जन्मदात्याला!

बारा वाजले, आप्पांचा पत्ता नाही. फोन केला तर उचलेनात. माझं डोकं फिरलं. एवढी रडले, तरी या माणसाला वेळ नाही? आईला फोन लावला.

"अगं, सातलाच गेल्यात की गाडीवर! अजून पोचलं न्हाईत?"

राग कुठल्या कुठे पळाला. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नाही. माझ्याबरोबरच्या इंटर्नला अपघात विभागात पिटाळलं. "पंचावन्न वर्षांचे, निमोण्याचे, मोटरसायकलवरून येत होते. बघ गं कुणी आणलंय का."

ती धापा टाकत आली. "अपघाताचं कुणीच नाही. पंचावन्नचे एक आहेत, पण ते आत्ताच ईसीजी करून गेले."

"ते कशाला सांगतेस मला?" मी तिच्यावरच खेकसले.

तेवढ्यात पुढचा केसपेपर आला. डोळे भरलेले, पण हाताला सवय. "काय होतंय?"

"झोप न्हाई. जेवत न्हाई. फोनवर रडती."

"पेशंट कुठाय?"

"खुर्चीत."

पेशंट आमच्याकडे स्टुलावर बसतो. खुर्चीत मी. केसपेपरवर बघितलं तर माझं नाव. वय तेवीस. गाव निमोणे.

मान वर केली. समोर आप्पा! गाडीवरची धूळ नको म्हणून तोंडाला गुंडाळलेलं उपरणं आता गळ्यात, एका हातात ईसीजीची पट्टी, दुसऱ्या हातात भाकरीचा डबा.

"आप्पा! सकाळीच का नाही बोललात?"

"वॉचमन केसपेपरबिगर आत सोडंना, म्हून माझ्या नावानं काढला. मग तू म्हनलीस, पोरीचा येगळा काढा. त्यो काढला." ईसीजीची पट्टी खिशात घालत म्हणाले, "म्हनलं, कामात हाय. चारचौघांत कशाला."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. लाज वाटली, एवढंच लिहून घ्या.

तोच केसपेपर घेऊन मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले, सुट्टी मागायला. कागद पुढे ठेवला. "सर, झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतंय."

सरांनी रक्ताची तपासणी लिहिली, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. "टेन्शन घेऊ नका, ताई. पुढचा पाठवा."

सहा महिने या माणसाच्या मागे राउंडला पळत होते मी! भांडायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने?

बाहेर आप्पा बाकावर बसले होते. "काय म्हनलं सायेब?"

"म्हणाले, टेन्शन घेऊ नका."

"मला बी सकाळी एकीनं ह्येच सांगितलं."

"मग? गुण आला?"

"कुठला गुन! घे, आधी भाकर खा."

संध्याकाळची ड्यूटी त्या दुसऱ्या इंटर्नने अंगावर घेतली. तीही माझ्याइतकीच जागी होती. पण तिचं घर लांब, तिला न्यायला कुणी येणार नव्हतं. मी तिला नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

गाडीवर मी डुलक्या घेतेय हे बघून आप्पांनी उपरण्याने मला स्वतःच्या कमरेशी बांधलं, लहानपणी बांधायचे तसं. निमोणं कधी आलं, कळलंच नाही. दारात आई वाट बघत उभी होती. मला उतरवून घेताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"आगं बया, किती वाळलीस! माजा तर जीवच थाऱ्यावर नव्हता बघ सकाळपास्नं."

मी मान वर न करता म्हणाले, "केसपेपर काढलाय का?"