समोरचा आवाज

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर जे काही लिहिलं ते प्रॉजेक्टच्या अहवालापुरतं. घरातल्या मारहाणीबद्दल लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हेही मला नीट कळत नाही. तरी लिहितोय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बाबा कसबा पेठेत मठारकाम करतात. तांब्याच्या भांड्यांवर दिवसभर हातोडीचे ठोके. त्या ठोक्यांनीच त्यांचे कान गेले. कानातलं मशीन घेऊन दिलं, पण ते सगळंच मोठं करायचं, कुकरची शिट्टी, गल्लीतले हॉर्न आणि माणसाचं बोलणंही. त्या गदारोळात आईचे शब्द हरवायचे. बाबांना वाटायचं, ही मुद्दाम पुटपुटते, आपल्याला शिव्या देते. मग ते मारायचे. एकदा तिचा दात पडला. फरशीवरचं रक्त पुसताना तिने तो फडक्यातच गुंडाळून टाकला.

म्हणून शेवटच्या वर्षाला मी चष्म्याच्या दांड्यांवर चार माइक बसवले आणि टोकाला कानात जाणारे छोटे स्पीकर. एकच आवाज प्रत्येक माइकपाशी किंचित मागेपुढे पोचतो. समोरून येणारा तेवढा जुळवून एकत्र केला की बोलणं ठळक होतं. बाजूचं आणि मागचं फिकं पडतं. लॅबमध्ये मित्र समोर बसून वर्तमानपत्र वाचायचा, मागे पंखे आणि गोंगाट लावलेला. शब्द स्वच्छ यायचे. आई नीट ऐकू आली की बाबांचा हात थांबेल, असं मी धरून चाललो होतो.

बाबांना चष्मा लावला आणि समोर बसून विचारलं, येतंय का ऐकू?

"ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?" ते म्हणाले. किती तरी दिवसांनी हसले.

पण आमच्या घरात बाबांच्या समोर उभं राहून कुणी बोलत नाही. समोर म्हणजे हाताच्या टप्प्यात. आई कायम त्यांच्या पाठीमागून बोलते, ओट्याशी, पोळी लाटता लाटता. माझ्या माइकांनी तिचा आवाज इमानेइतबारे पुसून टाकला. बाबा वळले तेव्हा तिचे ओठ हलत होते.

"मशीन आणलं तर आवाजच बंद केलास? नुसते ओठ हलवतेस?" म्हणत त्यांनी तवा उचलला. तिचं मनगट मोडलं. ते मोडताना मला ऐकू आलं. मी मध्ये पडलो तेव्हा तव्याची तापलेली कड माझ्या मानेवर बसली.

हाताला प्लास्टर घालून आई मामाबरोबर वर्ध्याला निघाली. जाताना तिने एवढंच विचारलं, "समोरून बोललं की येतं ना रे त्यांना ऐकू?"

मी हो म्हणालो.

पुढे बाबा चष्मा लावून तिला आणायला गेले. कुणाचाच फोन लागेना. मी हिंजवडीला इंटर्नशिपला जात होतो. कंपनीच्या बसमध्ये शेवटी मामाचा फोन आला.

तो म्हणाला, आई आपणहून त्यांच्या पुढ्यात येऊन बसली. मी येणार नाही, म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी हात उगारला. ती हलली नाही. मग त्यांनी चष्मा काढला, अंगणातल्या दगडावर ठेवला आणि वरवंट्याने चेचला.

"पण आयकू आलं तुह्या बापाले," मामा म्हणाला. "समदं आयकू आलं."